बाटलीवरचा ‘हजार’ बाजूला ठेवा

पत्र : डॉक्टर, आमची मनी ११ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून ती खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारत नाही. खाली बसून वर बघत राहते, मग हाक मारते आणि मी उचलून ठेवते. मुलगा म्हणाला, ओमेगा-३ सुरू कर. औषधाच्या दुकानातून फिश ऑइलची १००० मिग्रॅची बाटली आणली. मुलाने त्याची स्वतःची १२५० मिग्रॅची बाटलीही पाठवली. त्याचं म्हणणं, दोन्हींत फारसा फरक नाही, रोज एक गोळी फोडून जेवणात घाल. इंटरनेटवरच्या एका तक्त्यात सांधेदुखीसाठी ४ किलोला जवळजवळ ९०० मिग्रॅ लिहिले आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, चमचाभर कॉड लिव्हर ऑइल दे, मोकळी हो. मनी रोज दुपारी बांगड्याची डोकी खाते, आठवड्यातून तीन-चारदा कोंबडीची कलेजी आणि रात्री थोडा कोरडा खाऊ. दुसरी एक आहे चिंगी, दीड वर्षाची. दोघी एकमेकींच्या ताटलीत तोंड घालतात. नेमकं किती तेल द्यायचं? दोन्ही बाटल्यांचे फोटो सोबत पाठवते आहे. – एक वाचक, रत्नागिरी

ताई,

तुमच्या पत्रात तीन उत्तरं आधीच आहेत : एक गोळी, ९०० मिग्रॅ आणि एक चमचा. तिन्ही मी कागदावर मांडून पाहिली. मनीला त्यातलं एकही जसंच्या तसं लागू पडत नाही. एक थोडं दुरुस्त करून चालेल, एक कुत्र्याचं आहे आणि तिसरं धोक्याचं आहे. तेव्हा हे वाचून होईपर्यंत कुठलीच बाटली उघडू नका, आणि काकूंचा चमचा तर अजिबात नको. काकूंनी मायेनेच सांगितलं असणार, पण मनी आत्ता जे खाते आहे त्यावर तो चमचा फार जड जाईल. ते पुढे सांगते.

आधी बाटल्या. फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेले १००० मिग्रॅ म्हणजे गोळीतल्या तेलाचं वजन. एक ग्रॅम तेल, बस. आपल्याला त्या तेलातली दोनच ओमेगा-३ मेदाम्लं हवी आहेत, ईपीए आणि डीएचए. सांध्यांची, त्वचेची, मूत्रपिंडाची दाहकता कमी करायला मदत होते ती त्यांची. बाकीचं तेल म्हणजे नुसती चरबी. म्हणून डोस मोजायचा तो ईपीए आणि डीएचए यांच्या बेरजेवर, आणि तो आकडा बाटलीच्या मागे, बारीक अक्षरांत असतो.

तुमच्या दुकानातल्या बाटलीच्या मागे लिहिलं आहे : ईपीए १८० मिग्रॅ, डीएचए १२० मिग्रॅ. बेरीज ३००. म्हणजे हजारातले तीनशेच कामाचे. साध्या गोळ्यांत हे प्रमाण बहुतेक असंच असतं. आता मुलाची बाटली बघा. त्यावर ईपीए ११२०, डीएचए ८०० असं आहे, पण वरच्या ओळीत ‘एक सर्व्हिंग म्हणजे २ गोळ्या’ असंही छापलं आहे. म्हणून दोहोंचे निम्मे करायचे : एका गोळीत ५६० अधिक ४००, म्हणजे ९६० मिग्रॅ. एक बाटली १००० ची, दुसरी १२५० ची. वरवर पाहता पाव पटीचा फरक. आत मात्र दुसऱ्या बाटलीतली एक गोळी पहिलीतल्या तीन गोळ्यांहून भारी. मुलाने ती स्वतःसाठी घेतली होती आणि मोठ्या माणसाला ती ठीक आहे. मनीच्या ताटलीत ती नको. ती बाटली त्याला परत द्या किंवा वेगळ्या कपाटात ठेवा, म्हणजे घाईत हात चुकायला नको.

आता मनीला किती? पशुवैद्यकात हृदयविकाराच्या कुत्र्यामांजरांसाठी एक हिशोब बरीच वर्षं वापरात आहे : दर किलो वजनामागे रोज ईपीए ४० मिग्रॅ आणि डीएचए २५ मिग्रॅ. दोन्ही मिळून किलोला ६५. म्हाताऱ्या मांजरांच्या सांध्यांसाठीही मी याच आकड्याला कमाल मर्यादा धरते आणि बहुतेक वेळा त्याच्या निम्म्यावर थांबून बघते. मनी खरोखरच ४ किलोची असेल तर ४ गुणिले ६५, म्हणजे २६० मिग्रॅ. तुमच्या पहिल्या बाटलीतल्या एका गोळीपेक्षा थोडं कमी. मुलाचं ‘एक गोळी’ हे उत्तर त्या बाटलीपुरतं फार चुकलेलं नाही, पण ती वरची पायरी आहे, पहिल्या दिवशी तिथे उडी घ्यायची नाही. त्याच्या स्वतःच्या बाटलीतली एक गोळी दिली असती तर किलोला २४० मिग्रॅ झाले असते, मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त.

पण मनी ४ किलोची आहे का? तुम्ही ‘४ किलोला’ एवढंच लिहिलं आहे, मोजल्याचं कुठे लिहिलेलं नाही. म्हातारं मांजर पोटाखाली लोंबतं, केस फुगलेले असतात, त्यामुळे आहे त्याहून भरलेलं दिसतं. उचललं की हाताला पाठीचा कणा लागतो. मोजायला अवघड नाही. वजनकाट्यावर तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग मनीला घेऊन उभ्या राहा आणि वजाबाकी करा. तीनदा करा, कारण घरचे काटे शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज करतात आणि शंभर ग्रॅम म्हणजे मनीच्या दृष्टीने बरंच झालं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा आकड्याचा काटा घरात असेल तर त्याहून उत्तम. मनीला कापडी पिशवीत बसवा, तोंड बाहेर राहू द्या, पिशवी आकड्याला अडकवा, आणि खालून हात धरून ठेवा. समजा ३ किलो ४०० ग्रॅम भरली. मग ३.४ गुणिले ६५ म्हणजे २२१, त्याला ३०० ने भागलं की पाऊण गोळी. पुढे कधी बाटली बदलली तरी हिशोब हाच : वजन गुणिले ६५, भागिले त्या एका गोळीतली ईपीए-डीएचएची बेरीज. गोळी कितीची आहे हे बघायचंच नाही. आणि गेल्या वर्षीचं वजन डॉक्टरांच्या कार्डावर असेल तर त्याच्याशी ताडून बघा. म्हाताऱ्या मांजराचं वजन आपोआप उतरत असेल तर ती आधी विचारायची गोष्ट आहे, तेल नंतर.

तुमच्या तक्त्यातले ९०० कुठून आले तेही सापडलं. तो तक्ता कुत्र्यांचा आहे. कुत्र्यांच्या संधिवातासाठी ३१० गुणिले वजनाचा ०.७५ घात असं एक सूत्र आहे. साधं वजन न घेता घात घेतात, कारण लहान प्राण्याचं चयापचय किलोमागे जास्त वेगात चालतं. ४ चा ०.७५ घात २.८३ येतो आणि त्याला ३१० ने गुणलं की ८७७. तुमचे ‘जवळजवळ ९००’ ते हेच. गणित बरोबर आहे, प्राणी चुकला. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली कुत्र्यांसाठी ईपीए-डीएचएची सुरक्षित वरची मर्यादा ठरवली, त्याच पद्धतीने ३७० गुणिले वजनाचा ०.७५ घात. मांजरांसाठी मात्र अशी मर्यादा ठरवायला पुरेशी माहितीच नव्हती, म्हणून ठरवली नाही. जिथे मर्यादा माहीत नाही तिथे कुत्र्याच्या मर्यादेच्या कडेला जाऊन मी मांजराला उभं करणार नाही. मांजर म्हणजे लहान कुत्रा, हा समज माझ्या दवाखान्यात रोज कुणाला तरी सोडून द्यावा लागतो, आणि तो सोडला नाही तर भोगावं मांजराला लागतं.

कुणी जवस सुचवेल. आपल्याकडे जवसाची चटणी ओमेगा-३ साठी खातात, ते माणसांना ठीक. जवसातल्या ओमेगा-३ पासून ईपीए-डीएचए बनवणं मांजराच्या यकृताला जवळजवळ जमत नाही. मनीला ते माशातूनच मिळायला हवं.

आणि मासा तर ती रोज खाते आहे. ताई, तुमच्या पत्रातलं हेच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तुम्ही विचारलंत तेलाबद्दल, पण मला काळजी लागली ती दुपारच्या ताटलीची. बांगडा, तारली हे तेलकट मासे. त्यांतली मेदाम्लं चांगली खरी, पण ती हवेने आणि शरीरात फार लवकर खराब होतात, आणि ती खराब होऊ नयेत म्हणून शरीर ई जीवनसत्त्व खर्च करतं. रोज तेलकट मासा आणि सोबत ई जीवनसत्त्व पुरेसं नाही, असं महिनोन् महिने चाललं की मांजराच्या अंगातल्या चरबीलाच सूज येते. त्याला पिवळ्या चरबीचा आजार म्हणतात. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तांबडा बोका आणला होता, मच्छीबाजाराच्या शेजारच्या घरातला. ताप होता, जेवण सोडलं होतं आणि तो जागेवरून हलत नव्हता. घरच्यांना वाटत होतं पाठीला मार लागला. मी पोटाची कातडी चिमटीत धरली, तर एरवी मऊ सरकते तिथे खाली गाठीगाठी लागल्या आणि तो कळवळून ओरडला. सकाळ-संध्याकाळ तारली, दुसरं काहीच नाही. मासे बंद केले, ई जीवनसत्त्व सुरू केलं, तरी त्याला हात लावू द्यायला तीन आठवडे गेले. तो वाचला. त्याच्या घरच्यांनी मला विचारलेला प्रश्न मात्र विसरले नाही : ‘मांजराला मासा बाधतो कसा?’

मनीला हा आजार आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण हलायला नको वाटणं हे त्याचंही लक्षण आहे. रोज बांगड्याची डोकी खाणाऱ्या मांजराला वरून माशाचंच तेल सुरू करायचं, तर आधी तिचं पोट आणि पाठ कुणीतरी जाणत्या हातांनी चाचपून बघायला हवी. तुम्हीही बघा : पाठीवरून, पोटावरून हात फिरवलेला तिला पूर्वी आवडायचा आणि आता ती अंग चोरते का?

डोकी उकडून देता की कच्ची, ते पत्रात नाही. कच्ची देत असाल तर आजपासून थांबवा. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं. उकडलं की ते निकामी होतं. कच्चं रोज पोटात गेलं तर मांजर लडखडतं, मान खाली घालून बसतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात.

आता कलेजी, आणि इथे काकूंच्या चमच्याचा संबंध येतो. कलेजीत अ जीवनसत्त्व खच्चून भरलेलं असतं. मांजराला ते प्राण्यांपासूनच घ्यावं लागतं, गाजरातून ते बनवता येत नाही, म्हणून अधूनमधून एखादा लहान तुकडा चांगलाच. पण अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. वर्षानुवर्षं जास्त झालं की मानेच्या मणक्यांवर आणि पुढच्या पायांच्या सांध्यांवर नवं हाड वाढतं आणि मणके एकमेकांना चिकटतात. असं मांजर मान वळवून पाठ चाटत नाही, मग केसांत गुंते होतात, उडी मारायला नको म्हणतं. वाढलेलं हाड पुन्हा विरघळत नाही. कॉड लिव्हर ऑइल हे माशाच्या यकृताचंच तेल, त्यात अ आणि ड ही दोन्ही जीवनसत्त्वं भरपूर असतात. आठवड्यातून चारदा कलेजी आणि वर रोज चमचाभर यकृताचं तेल, म्हणजे भरलेल्या घड्यात आणखी ओतणं. बाटलीवर ‘लिव्हर’ हा शब्द दिसला की ती मनीसाठी नाही, एवढं ध्यानात ठेवा. साधं फिश ऑइल माशाच्या मांसातून काढतात, त्यात हा प्रश्न येत नाही.

म्हणून माझा क्रम असा : आधी ताटली, मग डॉक्टर, मग तेल.

ताटलीत बदल हळूहळू करा, पंधरा दिवस घ्या. मांजरांसाठीचा ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेला खाऊ, कोरडा किंवा ओला, हा मुख्य जेवण व्हायला हवा. मासा हा वरचा घास. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या माशाचा बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा, काटे काढून, मीठ-तिखट-लसूण काही न लावता. कलेजी आठवड्यातून एकदा, सुपारीएवढी. मनी आधी रुसेल. तिच्या हट्टापुढे एकदम मासा बंद करून उपाशी ठेवू नका. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. मूठभर नव्या खाण्यावर बांगडा उकडलेलं पाणी कोमट करून ओता, वास आला की बऱ्याच जणी जेवतात. सुकट आणि सुके बोंबील मात्र माशाला पर्याय म्हणून नकोत. त्यातलं मीठ म्हाताऱ्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना त्यांना हे सगळं खाणं लिहून न्या, अगदी किती डोकी, किती वेळा कलेजी, हे सुद्धा. एक्स-रे मागे-पुढे दोन्हीकडचा काढायला सांगा, मानेचा आणि पाठीचाही. मनीला संधिवात असण्याची शक्यता मोठी आहे. २००२ साली १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले आणि त्यातल्या ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज दिसली. मांजर लंगडत नाही म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. ते उडी मारणं बंद करतं आणि आपण म्हणतो, वय झालं. रक्तात साखर, मूत्रपिंडं आणि थायरॉइड एवढं बघून घ्या. ती चालताना मागच्या पायाची टाच जमिनीला टेकते का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण मधुमेहात तसं होतं.

दोन गोष्टी इथेच स्पष्ट सांगते. दुखतं आहे म्हणून घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी मनीला कधीही देऊ नका, चिमूटभरही नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीने मांजर मेलेलं मी पाहिलं आहे. आणि कधी तिचे मागचे पाय अचानक लुळे पडले, पंजे थंड लागले आणि ती किंचाळायला लागली, तर तो संधिवात नसतो. रक्ताची गुठळी अडकलेली असते. रात्र असो, सुट्टी असो, त्याच तासाला उचलून न्या.

तपासणी झाली, डॉक्टरांनी संधिवातच आहे म्हटलं, पोटाची चरबी ठीक निघाली आणि ताटली सुधारली, की तेल सुरू करा. दुकानातून १ मिलिची साधी सिरिंज आणा आणि सुई तिथेच काढून टाकायला सांगा. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका. आपल्याकडे मिळणाऱ्या एका प्रकारावर १ मिलिला ४० खुणा असतात, दुसऱ्यावर १००, आणि मोजताना हमखास गफलत होते. तुमच्या १००० मिग्रॅच्या गोळीत साधारण १.१ मिलि तेल असतं, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. गोळीला टाचणीने भोक पाडा, वाटीत पिळा, आधी वास घ्या. माशाचा वास येणारच, पण जुन्या रंगासारखा उग्र, घशात टोचणारा वास आला तर ते तेल खवट झालं, टाकून द्या. खवट तेल औषध राहत नाही, उलट आधी सांगितलेलं ई जीवनसत्त्व आणखी खर्च करतं. मागच्या यादीत टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, घातलेलं असेल ती बाटली निवडावी. लिंबू, संत्रं, पुदिना अशा चवीची गोळी नको.

पहिला आठवडा पाव गोळी, म्हणजे ०.३ मिलिहून किंचित कमी. दुसऱ्या आठवड्यापासून अर्धी, ०.५५ मिलि. मनीच्या वजनाला हे किलोला ३५-४५ मिग्रॅच्या आसपास येतं आणि मी तुम्हाला इथेच सहा-आठ आठवडे थांबायला सांगेन. हे तेल वेदनाशामकासारखं तासाभरात काम करत नाही, पेशींच्या आवरणांत ते हळूहळू जाऊन बसतं, म्हणून दोन महिन्यांआधी ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका आणि ‘फरक नाही’ म्हणून वाढवूही नका. त्यानंतर डॉक्टरांना विचारून पाऊण गोळीपर्यंत जाता येईल. उरलेलं अर्धं तेल सिरिंजमध्येच, टोपण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. मोठ्या बाटलीतलं पातळ तेल आणलंत तर ती उघडल्यावर फ्रिजमध्ये आणि दीड-दोन महिन्यांत संपायला हवी.

तेल जेवणातच कालवायचं. सिरिंज तिच्या तोंडात कधीच मारायची नाही. मांजर झटका देतं, तेल श्वासनलिकेत जातं आणि तेल खोकून बाहेर येत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया फार वाईट. जेवणात घातलेलं ती खात नसेल तर पाव गोळीच्याही निम्म्यावर या, एकदोन थेंबांपासून सुरुवात करा. शी पातळ झाली, उलटी झाली तर तीन दिवस थांबून आधीच्या पायरीवर परत जा. एका गोळीत ९ कॅलरी असतात आणि घरात बसून असलेल्या मनीला दिवसभरात साधारण २०० पुरतात, म्हणून खाऊ तेवढा किंचित कमी करा. सांध्यांवर वाढीव वजन नको. आणखी एक : हे तेल रक्त गोठायला थोडा वेळ लावतं. दात काढायचे असोत, कुठलंही ऑपरेशन असो, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असो, डॉक्टरांना तेलाचं आधी सांगायचं. ते किती दिवस बंद ठेवायचं ते सांगतील. आणि तपासणीत मूत्रपिंडाचा त्रास निघून डॉक्टरांनी खास खाऊ दिला, तर त्यात बहुतेक वेळा फिश ऑइल आधीच घातलेलं असतं. मग बाहेरून किती, हे नव्याने मोजावं लागेल.

चिंगीचं काय? तिला यातलं काहीच नको. दीड वर्षाचं, उड्या मारणारं, पुरा खाऊ खाणारं मांजर, त्याच्या खाऊतून हवं तेवढं मिळतं. मनीला तेलाचं जेवण स्वयंपाकघरात, दार लावून, वीस मिनिटं द्या. उरलं तर ताटली उचला. चिंगीने एखाद दिवशी ताटली चाटली तर घाबरू नका, अर्ध्या गोळीतले चार थेंब तिला काही करणार नाहीत. रोजची सवय मात्र लागू देऊ नका.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक काम करा. ज्या दिवशी मनी आपण होऊन कुठेतरी चढेल, अगदी पलंगावर सुद्धा, त्या तारखेवर टिंब द्या. आपल्याला रोज बघून फरक कळत नाही, टिंबं मोजून कळतो. दर महिन्याला त्याच पानावर वजन लिहा. दोन महिन्यांनी ते पान डॉक्टरांना दाखवा, आणि जमलं तर मला कळवा.

आणि या सगळ्याला वेळ लागणार आहे, तोवर तिला खिडकी हवीच आहे. आजच कट्ट्याखाली एक स्टूल ठेवा, स्टुलाच्या पायथ्याशी पाट, दोन्हींवर जुनी गोधडी घट्ट बांधा, म्हणजे नखं रुततील आणि पाय घसरणार नाही. तिचा शी-शूचा मातीचा डबा उंच काठाचा असेल तर एक बाजू चार बोटं राहील इतकी कापून घ्या. पहिले दोन दिवस पाटावर तिचा आवडता खाऊ ठेवा, तिसऱ्या दिवशी स्टुलावर. वर उचलून ठेवायची घाई करू नका, तिची तिला चढू द्या.